कंपनीच्या वकिलाला कुणी खरं सांगायचं की नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने वकिलांना समन्स पाठवण्याबद्दल जो निकाल दिला त्यावर बरंच लिहून आलंय. त्या वर्षी तपास यंत्रणा वकिलांनाच चौकशीला बोलवायला लागल्या होत्या, ईडीने जूनमध्ये दोन सीनियर वकिलांना एका कायदेशीर सल्ल्याच्या प्रकरणात समन्स काढली आणि बार असोसिएशनांनी आवाज उठवल्यावर ती मागे घेतली, हे सगळं चालू असताना सुप्रीम कोर्टाने स्वतःहून विषय हातात घेतला आणि सांगितलं की अशील वकिलाशी जे बोलला ते काढून घेण्यासाठी वकिलाला असं बोलावता येणार नाही, आणि कायद्यातल्या अपवादात बसत असेल तरी एसपी किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल. चांगला निकाल आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्याच निकालाच्या निष्कर्षांत एक मुद्दा आहे ज्यावर मराठी पेपरांमध्ये मला तरी फारसं काही वाचायला मिळालं नाही, तो असा की कंपनीत पगारावर काम करणारे वकील, म्हणजे ज्यांना सगळे इन-हाउस वकील म्हणतात, त्यांना हे संरक्षण नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या खंडपीठाने हे अगदी स्पष्ट लिहिलंय.

मी एका खाजगी कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये नोकरी करते, त्याआधी कोर्टात प्रॅक्टिस करायचे, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. हे पत्र माझ्या कंपनीबद्दल नाहीये, आम्ही जे काम करतो त्याबद्दल आहे आणि ते लोकांना नीट माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनीचा वकील म्हटलं की लोकांना वाटतं हा कंपनीच्या केसेस लढत असेल. आम्ही कोर्टात उभेच राहू शकत नाही, ते पुढे सांगते. आमचं बरंचसं काम हे केस होऊ नये म्हणून असतं. येणारा-जाणारा प्रत्येक करार वाचायचा, जाहिरातीत काय म्हणता येईल काय नाही ते सांगायचं, कामगार कायदे, लायसन्स, लैंगिक छळाच्या तक्रारींची २०१३ च्या कायद्याप्रमाणे समिती नीट चालतेय का ते बघायचं, चेक बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे हे अकाउंट्सच्या लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायची, आणि आता नवीन म्हणजे डेटा प्रोटेक्शन, ज्याचा कायदा २०२३ ला झाला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात ग्राहकांची माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो आणि तरी कंपन्यांमध्ये अजून कुणाचा कुठला डेटा कुठल्या कॉम्प्युटरवर पडलाय याचा पत्ता नसतो.

एक उदाहरण देते म्हणजे काम कसं असतं ते कळेल. क्वार्टर संपत आलंय, सेल्सवाल्यांना टार्गेट पूर्ण करायचंय, संध्याकाळी सहाला साठ-सत्तर पानांचं अॅग्रीमेंट येतं आणि सोबत मेसेज, "समोरच्यांनी सगळं ओके केलंय, फक्त लीगलचं क्लिअरन्स द्या, आज सही झाली पाहिजे." त्यात नुकसानभरपाई जास्तीत जास्त किती द्यावी लागेल याची मर्यादा आपल्यासाठी नाहीच, समोरच्यासाठी मात्र आहे. शेवटून तिसऱ्या पानावर लवादाचं कलम, वाद झाला तर समोरच्या कंपनीचे एमडी लवाद नेमतील. आता सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये घटनापीठानेही सांगितल्यापासून, एकाच बाजूने आपल्या मर्जीचा लवाद नेमणं चालत नाही हे सगळ्या वकिलांना माहितीये, पण जुने नमुने कॉपी-पेस्ट होत राहतात, आणि वाद झाला की आधी दोन वर्षं लवाद कोण यावरच भांडण. तर तुम्ही ते कलम बदलायला सांगता. तासाभरात वरून फोन, "लीगलमध्ये अडकलंय म्हणे?" डील गेलं तर दोष लीगलचा. आणि तेच अॅग्रीमेंट तसंच सही होऊन तीन वर्षांनी गळ्याशी आलं तर तेव्हाचा पहिला प्रश्न, "लीगलने बघितलं नव्हतं का?" ही तक्रार मी रडगाणं म्हणून करत नाहीये. सेल्सच्या माणसाचा पगार टार्गेटवर ठरतो, त्याला घाई असणारच. पण घाईतल्या माणसाला थांब म्हणणं हेच ज्याचं काम आहे त्याला थांब म्हणायची ताकद कुठून मिळते, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट जी बाहेर कुणाला दिसत नाही ती म्हणजे मुदती. कमर्शिअल दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायची, कोर्ट फार तर १२० दिवसांपर्यंत वाढवून देतं, त्यानंतर हक्कच संपतो, सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलंय की १२० च्या पुढे एक दिवसही नाही. आणि समन्स येतं कुठे तर एखाद्या ब्रँचच्या इनवर्ड टेबलवर, तिथला मुलगा शिक्का मारून घेतो, ते अॅडमिनकडे जातं, अॅडमिनला वाटतं बिल असेल, आणि लीगलकडे पोचेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. म्हणून प्रत्येक ब्रँचच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलामुलींना कोर्टाचा कागद कसा दिसतो, त्यावर तारीख कशी घालायची, फोटो काढून त्याच दिवशी कुणाला पाठवायचा, हे शिकवणं मी माझ्या कामातलं फार महत्त्वाचं काम मानते. कुठल्याही लॉ कॉलेजात हे शिकवत नाहीत.

पण खरं काम याहून वेगळं आहे आणि त्या निकालाचा घाव तिथेच बसलाय. खरं काम म्हणजे लोकांनी येऊन तुम्हाला खरं सांगणं.

कंपनीत काहीतरी चुकतंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? बोर्डाला नाही, ऑडिटरला नाही, बाहेरच्या मोठ्या लॉ फर्मला तर नाहीच. ते कळतं प्लँटवरच्या सुपरवायझरला, परचेसमधल्या ज्युनियरला, अकाउंट्समध्ये बिलं चढवणाऱ्या मुलीला. आणि ते लोक बाहेरच्या वकिलाकडे जाणार नाहीत, त्यांना त्याचा नंबरही माहीत नसतो. ते येतात लीगलच्या केबिनमध्ये, दार लावून घेतात आणि म्हणतात, "मॅडम, एक विचारायचं होतं, पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका." कुणीतरी तपासणीचा दाखला मागच्या तारखेने करून घ्यायला सांगितलंय, एका व्हेंडरची बिलं काम न होताच पास होतायत, असल्या गोष्टी. अशा वेळी मला त्या माणसाला आधी हे सांगावं लागतं की मी कंपनीची वकील आहे, तुझी नाही, तू जे सांगशील ते मला वर कळवावं लागू शकतं. हे सांगणं प्रामाणिकपणाचं आहे आणि ते सांगायलाच पाहिजे. ते ऐकूनही बरेच जण सांगतात, कारण त्यांना कुणाला तरी सांगायचंच असतं, आणि वेळेत कळलं तर गोष्ट सुधारता येते, दाखला थांबवता येतो, बिल परत पाठवता येतं, गरज असेल तर स्वतःहून नियामकाकडे जाऊन सांगता येतं.

आता या निकालानंतर मला अजून एक वाक्य जोडावं लागणार. तू मला जे सांगशील आणि मी त्यावर कंपनीला जो सल्ला देईन, ते सगळं उद्या कुठलीही तपास यंत्रणा माझ्याकडून मागू शकेल आणि मला वकील म्हणून नाही म्हणता येईलच असं नाही. हे ऐकल्यावर कोण तोंड उघडेल?

कायद्यात नेमकं काय आहे ते थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स अॅक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम १३२ प्रमाणे वकिलाने अशिलाच्या संमतीशिवाय अशिलाने सांगितलेलं किंवा स्वतः दिलेला सल्ला उघड करायचा नाही. कलम १३४ प्रमाणे कुणालाही त्याने आपल्या कायदेशीर सल्लागाराशी केलेलं गोपनीय बोलणं सांगायला भाग पाडता येत नाही. कोर्टाचं म्हणणं असं की कलम १३२ हे कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या अॅडव्होकेटसाठी आहे, इन-हाउस वकील त्यात येत नाही. कलम १३४ चं संरक्षण त्याला कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी तो जे बोलला तेवढ्यापुरतं मिळेल, पण कंपनी आणि इन-हाउस वकील यांच्यातल्या बोलण्याला नाही. म्हणजे मी बाहेरच्या वकिलाला मेल केला तर तो झाकलेला आणि तेच मी माझ्या एमडींना लिहिलं तर उघडं.

आधी आपल्याकडे असं नव्हतं. मुंबई हायकोर्टाचाच महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स हा निकाल आहे, एआयआर या निकालांच्या संग्रहात १९८२ ला छापलेला, त्यात म्हटलंय की जो पगारी नोकर मालकाला कायद्याच्या प्रश्नांवर सल्ला देतो त्यालाही बॅरिस्टर, अॅटर्नी, वकील यांच्यासारखंच संरक्षण मिळायला हवं. त्या भरवशावर चाळीस-एक वर्षं लोकांनी काम केलं. ब्रिटनमध्ये १९७२ ला न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी सांगितलं की पगारी वकील कायद्याच्या नजरेत बाहेरच्या वकिलासारखाच, फरक इतकाच की त्याला अशील एकच. मात्र तो वकील म्हणून सल्ला देत असेल तेव्हाच, मॅनेजर म्हणून धंद्याचं काम करत असेल तेव्हा नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन निकालाने तर कंपनीच्या खालच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वकिलाला सांगितलेलंही झाकलं, कारण कोर्टाला हे समजलं होतं की वकिलाला माहिती खालूनच मिळते. युरोपात उलटं आहे, तिथल्या कोर्टाने २०१० च्या अॅक्झो नोबेल प्रकरणात युरोपियन कमिशनच्या स्पर्धा कायद्याच्या तपासात इन-हाउस वकिलाला हे संरक्षण नाकारलं, कारण तो पगारासाठी मालकावर अवलंबून असतो, त्याला बाहेरच्या वकिलासारखं स्वातंत्र्य नसतं. आपल्या कोर्टाचा युक्तिवादही साधारण त्याच दिशेचा आहे.

आणि इथे मला प्रामाणिकपणे लिहायचंय की या युक्तिवादात तथ्य आहे. आम्ही अवलंबून असतो. आमचं अप्रेझल, बोनस, प्रमोशन ज्यांना आम्ही नाही म्हणायचं असतं त्यांच्याच हातात असतं. जनरल मोटर्सचं प्रकरण २०१४ ला बाहेर आलं ते बघा. गाडीच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता, चालत्या गाडीत स्विच सरकून इंजिन बंद पडायचं आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाईच्या फंडाने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीनेच नेमलेल्या चौकशीत काय निघालं, तर लीगल डिपार्टमेंटकडे वर्षानुवर्षं याच अपघातांच्या केसेस येत होत्या, बाहेरचे वकील लेखी सांगत होते की हे महागात पडेल, आणि आतले वकील एकेक केस सेटल करत गेले, सगळ्यात वरच्या जनरल कौन्सेलपर्यंत, म्हणजे कंपनीच्या मुख्य वकिलापर्यंत, तो विषय वेळेत पोचलाच नाही. पंधरा जणांना काढलं, त्यात वकीलही होते. ते वकील वाईट माणसं होती असं मला वाटत नाही, त्यांनी समोरची फाइल बंद केली आणि पुढची उघडली, आणि हे एकत्र करून कुणाच्या तरी टेबलावर आपटायला पाहिजे असं त्या व्यवस्थेत कुणाचंच काम नव्हतं. इन-हाउसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं, झोप उडते.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? वकील स्वतंत्र नाही म्हणून त्याचं संरक्षण काढून घ्या, की वकिलाला स्वतंत्र करा? संरक्षण काढल्याने तो स्वतंत्र होत नाही, तो अजूनच एकटा पडतो. आधी निदान लेखी सल्ला तरी फाइलवर राहायचा, "हे करू नका, हे या कलमाचं उल्लंघन आहे" असं लिहिलेला मेल. त्या मेलची वर बसलेल्या माणसाला धास्ती असते, कारण उद्या तो म्हणू शकत नाही की मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता काय होणार, "मेलवर नको, फोन करा" हे वाक्य जे आधी अधूनमधून ऐकू यायचं ते रोजचं होणार. लिहून ठेवलेला सल्ला हा तपास यंत्रणेच्या हातातला पुरावा होणार असेल तर कुणी लिहूनच घेणार नाही, आणि तोंडी दिलेला नकार दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नसतो.

मोठ्या कंपन्या यातून वाट काढतील. महत्त्वाचा प्रत्येक सल्ला बाहेरच्या लॉ फर्मच्या लेटरहेडवर घ्यायचा, आतल्या वकिलाने फक्त माहिती पुढे ढकलायची. परवडतं त्यांना. ज्या मध्यम कंपनीत एकच वकील आहे, बऱ्याचदा एखादी दोन-चार वर्षांच्या अनुभवाची मुलगी, जी करारही बघते, कामगारांच्या नोटिसाही बघते आणि सरकारी खात्याच्या चकराही मारते, तिथे प्रत्येक प्रश्न बाहेर पाठवणं शक्य नाही. तिथे सल्लाच विचारला जाणार नाही. आणि कायदा न विचारता घेतलेल्या निर्णयाचा त्रास शेवटी कंपनीच्या मालकापेक्षा कामगाराला आणि ग्राहकाला जास्त होतो.

एक आक्षेप मला माहितीये आणि तो रास्त आहे, की असं संरक्षण दिलं तर कंपन्या सगळी पापं लीगलच्या मेलमध्ये लपवतील, प्रत्येक कागदावर "गोपनीय, कायदेशीर सल्ला" असा शिक्का मारतील, प्रत्येक मीटिंगला एक वकील बसवतील. करतात असं, मी नाही म्हणत नाही. पण कलम १३२ मध्येच लिहिलंय की बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी झालेलं बोलणं झाकलं जात नाही, आणि वकिलाचं काम सुरू झाल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक झाल्याचं वकिलाच्या लक्षात आलं तर तेही झाकलं जात नाही. हा अपवाद बाहेरच्या वकिलाला लागतो तसाच आतल्यालाही लावा, हवं तर अजून कडक लावा. आणि वर डेनिंगसाहेबांची रेघ आहेच, कायद्याचा सल्ला असेल तर झाकलेला, धंद्याचं बोलणं असेल तर उघडं, मेलच्या कॉपीत वकिलाचं नाव टाकलं म्हणून काही तो मेल सल्ला होत नाही. कोर्टं हा फरक करू शकतात, बाकीच्या देशांत करतातच.

आता स्वतंत्र करायचं म्हणजे काय, तर यासाठी काही नवीन शोधून काढायची गरज नाहीये, आपल्याच कायद्यांत उदाहरणं पडलीयेत. कंपनीच्या ऑडिटरला मुदतीआधी काढायचं तर कंपनी कायद्याच्या कलम १४० प्रमाणे केंद्र सरकारची आधी परवानगी आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. का, तर तो नको ते लिहील म्हणून त्याला हाकलता येऊ नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये बँकांना सांगितलं की चीफ कम्प्लायन्स ऑफिसरला, म्हणजे बँक नियम पाळते का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला, किमान तीन वर्षांची मुदत द्यायची, मध्येच काढायचं किंवा बदली करायची तर बोर्डाची मंजुरी पाहिजे, आणि त्याला धंद्याची टार्गेट्स द्यायची नाहीत. बँकेच्या कम्प्लायन्स ऑफिसरला जे लागतं ते कंपनीच्या मुख्य वकिलाला का लागू नये? त्याला तर कंपनी एका साध्या नोटीस पिरियडवर घरी पाठवू शकते आणि का पाठवलं ते कुणाला सांगावंही लागत नाही. कंपनी कायद्याच्या कलम २०३ मध्ये कंपनीत कुणाकुणाची नेमणूक झालीच पाहिजे त्या मुख्य पदांमध्ये एमडी किंवा सीईओ आहे, कंपनी सेक्रेटरी आहे, सीएफओ आहे. जनरल कौन्सेल नाही. सीएंची स्वतःची संस्था १९४९ च्या कायद्याने आहे, कंपनी सेक्रेटरींची १९८० च्या, चूक केली तर ती संस्था चौकशी करते आणि गरज पडली तर सभासदाच्या पाठीशीही उभी राहू शकते. आमच्या मागे कोण आहे? सनद घेतली तेव्हा बार कौन्सिल होती, नोकरी धरली आणि तीही गेली.

कोर्टात का उभं राहता येत नाही ते पुढे सांगते म्हटलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद. २००१ ला हिमाचलच्या वीज मंडळातल्या एका लॉ ऑफिसरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हे पक्कं केलं. आता कोर्टात उभं राहू नका हे मी समजू शकते, पगारी माणसाने एकाच मालकासाठी काळा कोट घालून उभं राहणं योग्य की नाही यावर दोन मतं असू शकतात. पण नियम फक्त कोर्टापुरता राहत नाही. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीत न्यायसेवेबाहेरून येणाऱ्याला घटनेच्या कलम २३३ प्रमाणे सात वर्षांची वकिली लागते, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी मे २०२५ पासून पुन्हा तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते, तिथे न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून काढलेला काळ धरतात, पण इन-हाउसमध्ये दहा वर्षं करार, लवाद, तडजोडी यात घालवलेल्या माणसाचा तो काळ प्रॅक्टिस म्हणून गणलाच जात नाही. लॉ कॉलेजमधून बाहेर पडणारी मुलं मला विचारतात की इन-हाउस घ्यावं का, आणि मला त्यांना हे सगळं सांगावं लागतं, कारण जॉइन होताना एचआर कधीच सांगत नाही. पगार वेळेवर मिळतो, सुट्ट्या मिळतात, सीनियरच्या ऑफिसात फुकट राबावं लागत नाही, हे खरंय आणि ज्या मुलामुलींच्या घरी वकिलीचा वारसा नाही त्यांच्यासाठी ते फार मोठं आहे. म्हणूनच हे दार बंद व्हायला नको, आणि आत गेल्यावर मागचं दार कायमचं लागायला नको.

माझं म्हणणं एका ओळीत असं आहे की सल्ला देणाऱ्याला कायद्याने वकील म्हणून ओळखा, त्याच्याकडून वकिलाची शिस्त पाळून घ्या आणि त्या बदल्यात वकिलाचं संरक्षण द्या. शिस्त म्हणजे खरोखर शिस्त, बार कौन्सिलकडे वेगळी नोंद ठेवा, गैरवर्तन केलं तर सनद जाईल अशी तरतूद करा, कंपनीत गंभीर गैरप्रकार दिसला तर आधी एमडी आणि तिथे दाद लागली नाही तर थेट ऑडिट कमिटी किंवा बोर्ड, हे बंधनकारक करा. अमेरिकेत एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ले कायद्यात कलम ३०७ ने लिस्टेड कंपन्यांच्या वकिलांसाठी साधारण हेच केलं. आमच्यातल्या काही जणांना हे नको असेल कारण जबाबदारी वाढते, मला हवंय. वर जाऊन सांगणं हे माझं कायदेशीर कर्तव्य आहे असं मला म्हणता आलं तर माझ्यावर रागावणाऱ्या माणसालाही कळेल की मी हे स्वतःच्या हट्टासाठी करत नाहीये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅडव्होकेट्स अॅक्ट बदलण्यासाठी केंद्र सरकारने एक मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात कंपन्यांमध्ये कायद्याचं काम करणाऱ्यांनाही कायदा व्यावसायिक या व्याख्येत घ्यायचं सुचवलं होतं. त्या मसुद्यात संपावर बंदी आणि बार कौन्सिलवर सरकारी माणसं असल्या तरतुदी होत्या, वकिलांनी त्याला जोरदार विरोध केला आणि तो बरोबरच होता, काही दिवसांतच सरकारने मसुदा मागे घेऊन पुन्हा विचार करू म्हणून सांगितलं. त्या गदारोळात आमची ती एक ओळही गेली आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आम्हीसुद्धा नाही, कारण इन-हाउसवाले लोक कंपनीबाहेर बोलायला घाबरतात. मसुदा परत येईल तेव्हा त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील. तेव्हा या कामातल्या लोकांनी कंपनीची कुठलीही माहिती न देता, वैयक्तिक नागरिक म्हणून, आपल्या नावाने सूचना पाठवाव्यात, आणि त्यात कोर्टात उभं राहण्याचा हक्क मागण्याआधी गोपनीयतेचा आणि बोर्डापर्यंत जाण्याचा हक्क मागावा. कोर्टात उभं राहायला बाहेरचे वकील आहेतच. दार लावून जो माणूस आत येऊन बसतो त्याला ऐकून घ्यायला मात्र आम्हीच आहोत.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती, या निकालाच्या इन-हाउस भागावर दोन्ही बाजूंच्या जाणकारांकडून लिहून घ्या, ज्यांना कोर्टाचं म्हणणं पटतं अशांकडूनही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचं यावर काय मत आहे तेही विचारा. ज्यांच्या सनदा सध्या नोकरीमुळे थांबलेल्या आहेत अशा आमच्यासारख्यांना ते वाचायचंय.

आपली,
खाजगी कंपनीत काम करणारी एक वकील
(नाव छापू नये ही विनंती)